ट्रामगाडीची निवड तिच्या चाकांपासून सुरू करा

पुण्यात वाहतूक नियोजन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: प्रागने २००५-०६ च्या सुमारास देखण्या, नव्याकोऱ्या १४टी ट्राम घ्यायला सुरुवात केली आणि त्या सगळ्या येऊन पोचायच्या आतच त्याच स्कोडा कंपनीला पूर्ण वेगळ्या रचनेच्या २५० गाड्यांची, म्हणजे १५टी ची, ऑर्डर दिली. असं का? आणि एखाद्या शहराला लाइट रेलसाठी, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या रेल्वेसाठी, गाडी निवडायची असेल, तर १०० टक्के लो-फ्लोअर (सगळी फरशी खाली, जवळजवळ रस्त्यालगत), ७० टक्के लो-फ्लोअर की हाय-फ्लोअर (फरशी उंच), हे नेमकं कशावरून ठरवायचं?

थेट उत्तर आधी देतो. गाडी रुळावरून ठरते. मार्गावरचं सगळ्यात वाईट वळण, सगळ्यात खडा चढ आणि सगळ्यात गर्दीचा थांबा, या तीन जागा प्रत्यक्ष पाहून, मोजून घेतल्या की निम्मी माहितीपत्रकं आपोआप बाजूला पडतात. फरशी किती उंच हवी हा प्रश्न त्यानंतरचा. गाडीचा तोंडवळा कसा हवा हा तर अगदी शेवटचा. दुर्दैवाने बैठकांमध्ये हा क्रम उलटा असतो, कारण तोंडवळ्याचं चित्र सगळ्यांना कळतं आणि बोगीचं रेखाचित्र फारसं कुणी उघडत नाही.

इथे एक शब्द स्पष्ट करायला हवा. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यालाच बोगी म्हणायची सवय आहे. ‘आमची बोगी इंजिनाला लागूनच होती’ असं आपण सहज म्हणतो. कारखान्यात मात्र बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा: एक चौकट, चार चाकं, स्प्रिंगा, ब्रेक आणि बहुधा मोटरही. मी तीस वर्षं या गाड्यावरच काम केलं. त्यामुळे माझं उत्तर खालून वर जाणारं असेल, हे लक्षात घेऊन वाचा.

रेल्वेचं चाक सरळ नळकांड्यासारखं नसतं, किंचित निमुळतं असतं. घरातले दोन सारखे स्टीलचे पेले घ्या, तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा आणि दोन समांतर पट्ट्यांवरून लोळवा. जोडी जरा डावीकडे सरकली, की डावा पेला जाड भागावर लोळतो, जास्त अंतर कापतो आणि जोडी आपोआप उजवीकडे वळते. चाकजोडी सरळ मार्गावर मधोमध राहते आणि मोठ्या वळणावर स्वतःच वळते ती याच गुणामुळे. मात्र त्यासाठी दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आसावर, घट्ट बसलेली हवीत, दोघांनी बरोबरीने फिरायला हवं. बैलगाडीची चाकं आसावर सुटी फिरतात. तिला वळवायला बैल लागतात.

लो-फ्लोअर ट्रामची अडचण नेमकी इथे आहे. फरशी रुळाच्या माथ्यापासून सुमारे ३५० मिलिमीटरवर आणायची, आणि चाकाचा व्यास असतो सहाशे-सातशे मिलिमीटर. म्हणजे ॲक्सल बरोबर फरशीच्या उंचीला आडवा येतो. म्हणून अनेक रचनांमध्ये ॲक्सलच काढून टाकला, चाकं बैलगाडीसारखी सुटी केली आणि मधून चालायला सपाट वाट काढली. प्रवाशाची सोय झाली, पण आपणहून वळायचा चाकाचा गुण गेला. मग ते कडेने, म्हणजे फ्लँजने, रुळाला घासत वळतं. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ॲक्सल असलेली चाकजोडीही पूर्ण वळू शकत नाही, तिचीही कड घासतेच. म्हणून जुन्या, वळणावळणांच्या शहरात चाकं जोडलेली आहेत की सुटी, यापेक्षाही बोगी डब्याखाली मोकळी फिरते की नाही, याला जास्त महत्त्व येतं.

आता प्रागकडे येऊ. तिथे १८७५ मध्ये घोड्याची ट्राम सुरू झाली आणि तेव्हापासून रूळ जुन्या गल्ल्यांच्या मापाने वाढत गेले. माला स्त्राना भागात लेतेन्स्का रस्त्यावर एका कमानीखालून जायला जागा इतकी कमी, की तिथे येणारे आणि जाणारे रूळ स्वतंत्र ठेवता आले नाहीत. या जाळ्यावर अनेक दशकं राज्य केलं टाट्रा टी३ ने (टाटा नव्हे, टाट्रा). १९६० च्या दशकापासून प्रागच्याच स्मीखोव भागातल्या कारखान्यात तिचे जवळपास १४,००० नग तयार झाले आणि पूर्व युरोप व सोव्हिएत संघभर पोचले. चौदा मीटर लांब, रिकामी साधारण १६ टन, दोन बोगी, दोन्ही मोकळ्या फिरणाऱ्या, चारही ॲक्सलना मोटर. फरशी ९०० मिलिमीटर उंच. गुडघे दुखणाऱ्या आजीला तिच्या पायऱ्या चढणं म्हणजे शिक्षा होती आणि चाकाच्या खुर्चीला तर ती बंदच होती. पण रुळाशी तिचं उत्तम जमायचं.

१४टी चं बाह्यरूप पोर्शेच्या डिझाइन विभागाने घडवलं. पाच भाग आणि तीन बोगी, त्याही पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या भागाखाली. दुसरा आणि चौथा भाग अधांतरी, दोन्ही शेजाऱ्यांच्या आधाराने लटकलेले. अशा रचनेत बोगी डब्याला जवळजवळ जखडलेली असते. वळण आलं की बोगीबरोबर तो अख्खा भाग, आतल्या माणसांसकट आणि छतावरच्या यंत्रांसकट, एकदम फिरतो. टी३ मध्ये वळणावर आधी फक्त बोगी वळायची आणि डबा मागाहून, सावकाश. जुन्या शहरी रुळांना सरळ मार्गातून वळणात हळूहळू नेणारा टप्पा बहुतेक ठिकाणी नसतो. सरळ रूळ संपतो आणि लगेच वळण लागतं. त्या क्षणी जो आडवा धक्का बसतो, तो रूळ, चाकाची कड आणि भागांमधले जोड हे तिघं वाटून घेतात. शिवाय वजन पाहा. टी३ च्या एका ॲक्सलवर रिकाम्या गाडीचे चार टन येत, १४टी मध्ये हा भार सुमारे सहा-साडेसहा टन झाला. आणि एवढं करूनही लो-फ्लोअर जागा निम्मीच. बोगीच्या वरची आसनं चौथऱ्यांवर, मधली वाट अरुंद. चाकं आणि रूळ अपेक्षेपेक्षा लवकर झिजू लागले, आणि मध्यंतरी बऱ्याच गाड्या सेवेतून काढून बाजूला ठेवाव्या लागल्या.

ही एकट्या प्रागची कहाणी नाही. मार्च २००४ मध्ये सीमेन्सने आपल्या कॉम्बिनो गाड्या वापरणाऱ्या शहरांना कळवलं, की १,२०,००० किलोमीटरपेक्षा जास्त धावलेल्या गाड्या थांबवा. बासेल, फ्रायबुर्ग, ॲम्स्टरडॅम, मेलबर्न, हिरोशिमा, सगळीकडे तीच गाडी होती. बोगीवर बसलेले आखूड भाग आणि त्यांच्यामध्ये लटकलेले लांब भाग, अशीच तिची रचना. एकामागोमाग उलटसुलट वळणं आली की डब्याला पीळ पडतो, आणि तो पीळ हिशेबात धरल्यापेक्षा बराच जास्त निघाला. बोल्टने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला जोडांपाशी तडे जाऊ लागले. सीमेन्सला त्यात प्रचंड पैसा घालावा लागला आणि गाड्या एकेक करून परत बांधाव्या लागल्या. बुडापेस्टला २००६ मध्ये याच घराण्यातल्या ५४ मीटरच्या गाड्या गेल्या, पण त्यांचा सांगाडा पोलादी होता आणि जोडांची रचना बदललेली. त्या आजही ४ आणि ६ क्रमांकाच्या अतिगर्दीच्या मार्गांवर धावतात.

ही गोष्ट मी तरुण इंजिनिअरना नेहमी सांगतो. कॉम्बिनो आळशी लोकांनी केली नव्हती. सुटे, सारखे भाग जोडून हव्या त्या लांबीची गाडी करायची, म्हणजे किंमत उतरेल, ही कल्पना चांगलीच होती. चूक भाराच्या अंदाजात झाली. म्हणून कुठलाही निर्माता ‘आमची गाडी तुमच्या वळणांवर चालेल’ म्हणाला, की पुढचा प्रश्न विचारायचा: तुम्ही पीळ कुठल्या रुळावर मोजला? चाचणीच्या वर्तुळावर, की आमच्यासारख्या झिजलेल्या, खचलेल्या रुळावर?

प्रागने १५टी साठी नेमका हाच धडा घेतला. तीन भाग, चार बोगी: दोन टोकांना आणि दोन भागांच्या सांध्यांखाली. चारही बोगी मोकळ्या फिरतात. गाडी ३१.४ मीटर लांब, सुमारे ४२ टन, पण हे वजन सोळा चाकांवर विभागलेलं. म्हणजे चाकांच्या दर जोडीवर रिकाम्या गाडीचे पाच-सव्वापाच टन. प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर, मध्ये गिअर नाही. पूर्ण लो-फ्लोअर आणि तरी सगळ्या बोगी फिरणाऱ्या, हे त्या काळी फारसं कुणाला जमलं नव्हतं. फरशी दाराशी ३५० मिलिमीटर आणि बोगीवर ४५० मिलिमीटर, मध्ये हलका उतार. आत चालताना तो पायाला कळतो, पण पायरी नाही.

याची किंमत मोजावी लागलीच. सोळा मोटरी म्हणजे सोळा ठिकाणी बिघडू शकणारी वस्तू. गाडी महाग, देखभाल करणाऱ्या माणसांना नव्याने शिकवावं लागतं. मला विचाराल तर प्रागसाठी ही किंमत रास्त होती, कारण शहरभरचे रूळ नव्या गाडीच्या मापाने उखडून टाकणं त्याहून कितीतरी महाग पडलं असतं. पण हीच गाडी एखाद्या नव्या, सरळसोट मार्गावर घेणं म्हणजे विनाकारण पैसा घालणं.

टोरांटोने वेगळी वाट धरली. तिथल्या जुन्या स्ट्रीटकारच्या जाळ्यात ११ मीटर त्रिज्येची वळणं आहेत आणि रुळांमधलं अंतरही जगावेगळं, १,४९५ मिलिमीटर. २००८ च्या निविदेत तिथल्या वाहतूक मंडळाने बॉम्बार्डिअरचा पहिला प्रस्ताव रुळावरून घसरण्याच्या शंकेमुळे नाकारला. पुढे त्याच कंपनीने त्या रुळांसाठी खास बदल केलेली पाच भागांची गाडी दिली आणि २०१४ मध्ये ती सेवेत आली. पण त्याच शहराने एग्लिंटन रस्त्याच्या नव्या मार्गासाठी त्याच कंपनीची वेगळीच गाडी घेतली: नेहमीच्या १,४३५ मिलिमीटर मापाची, अधिक रुंद, दोन्ही टोकांना चालकाची जागा आणि दोन्ही बाजूंना दारं. शहर एक, निर्माता एक, रूळ दोन, म्हणून गाड्या दोन. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका उदाहरणात बसतं.

मोजणी करताना मार्गाबरोबर डेपोही मोजा. एका शहरात (नाव घेणार नाही) सल्लागारांच्या कागदावर किमान त्रिज्या २५ मीटर लिहिली होती आणि मार्गावर ती खरीच होती. डेपोच्या दारातलं वळण मात्र १८ मीटरचं, जुनं, झिजलेलं. गाडी दिवसभर मार्गावर असते, पण रोज एकदा बाहेर पडते आणि एकदा आत शिरते. काही महिन्यांत चाकांच्या कडा इतक्या पातळ झाल्या, की चाकं कातायच्या यंत्रापुढे रांग लागली. आम्ही सहा आठवडे गाडीचा दोष शोधत होतो. शेवटी एका जुन्या फिटरने मला हाताला धरून डेपोच्या दाराशी नेलं आणि रुळाच्या आतल्या अंगाची चकाकी दाखवली. त्या दिवसापासून मी कुठल्याही शहरात गेलो की आधी डेपो बघतो.

चढाचंही असंच. शेफील्डमध्ये १० टक्के चढ आहेत, म्हणून तिथे १९९४ मध्ये आलेल्या २५ गाड्यांच्या सगळ्या ॲक्सलना मोटर दिली. एक-दोन बोगी बिनमोटरची ठेवून पैसे वाचवायचा मोह तिथे परवडला नसता, विशेषतः शरद ऋतूत ओल्या पाल्याने रूळ निसरडे झाल्यावर. लिस्बनच्या २८ क्रमांकाच्या मार्गावर चढ आणि वळणं दोन्ही इतकी टोकाची आहेत, की तिथे आजही दोन ॲक्सलच्या छोट्या जुन्या गाड्याच धावतात. १९९० च्या दशकात त्यांची फक्त यंत्रं आणि ब्रेक बदलले. पर्यटकांना ती हौस वाटते. खरं तर तिथे दुसरी गाडी जातच नाही.

आता फरशीच्या उंचीकडे. इथे मी फार कडक मत ठेवतो: फरशी फलाटाला जुळली पाहिजे, आणि फलाट कुठे बांधता येतो ते मार्ग सांगतो. गाडी रस्त्याच्या मधून, दुकानांसमोरून जाणार असेल, तर दर चारशे-पाचशे मीटरवर कमरेइतका उंच फलाट बांधणं म्हणजे रस्ता चिरून दोन भाग करणं. तिथे लो-फ्लोअरच हवी. १९८४ मध्ये जिनिव्हात आणि १९८७ मध्ये ग्रेनोब्लमध्ये बऱ्याच मोठ्या भागात खाली फरशी असलेल्या गाड्या आल्या, १९९० मध्ये ब्रेमेनमध्ये पूर्ण लो-फ्लोअर गाडी धावली, आणि रस्त्यावरच्या ट्रामला नवा जन्म मिळाला. अपंगांच्या संघटनांनी ग्रेनोब्लमध्ये ज्या चिकाटीने हा मुद्दा लावून धरला, त्याचं ऋण आज जगभरच्या म्हाताऱ्या माणसांवर आणि बाळाची गाडी ढकलणाऱ्या आयांवर आहे.

पण मार्ग पूर्णपणे वेगळा असेल, तर लो-फ्लोअरचा हट्ट कशासाठी? मँचेस्टरने १९९२ मध्ये बरी आणि आल्ट्रिंकॅम या गावांच्या जुन्या रेल्वेमार्गांवर मेट्रोलिंक ही लाइट रेल सुरू केली. तिथली स्टेशनं आधीच उंच फलाटांची होती, म्हणून त्यांनी हाय-फ्लोअर गाडी घेतली आणि शहराच्या रस्त्यावरचे मोजके फलाट उंच बांधले. २००९ पासून आलेल्या नव्या गाड्याही हाय-फ्लोअरच, कोलोनच्या गाडीवरून बेतलेल्या, जुन्यांपेक्षा बऱ्याच हलक्या. साध्या फिरणाऱ्या बोगी, साधे ॲक्सल. फॅशन बदलली म्हणून त्यांनी निर्णय बदलला नाही, याचं मला फार कौतुक आहे.

ओटावाचं उदाहरण उलट दिशेचं आहे. तिथली कॉन्फेडरेशन लाइन ही लाइट रेल सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. साडेबारा किलोमीटरचा मार्ग, कुठेही रस्त्याला एका पातळीवर छेदत नाही, शहराच्या मध्यात अडीच किलोमीटरचा बोगदा. म्हणजे मार्ग मेट्रोचा. तरी गाडी निवडली ती लो-फ्लोअर, युरोपी ट्रामच्या वंशातली, कॅनडाच्या हिवाळ्यासाठी आणि ताशी १०० किलोमीटर वेगासाठी बदललेली. ऑगस्ट २०२१ मध्ये चाकापाशी बेअरिंग निकामी होऊन एक गाडी घसरली, सप्टेंबरमध्ये दुसरी. दुसरीचं कारण गिअरबॉक्सचे बोल्ट नीट न आवळणं हे होतं, म्हणजे ती हातचूक. तिचा दोष रचनेवर टाकणं अन्याय होईल. पण मार्ग ५४ दिवस बंद राहिला, न्यायमूर्ती विल्यम हौरिगन यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात बेअरिंगच्याच कारणाने पुन्हा काही आठवडे सेवा थांबली. चाकाभोवतीच्या चिंचोळ्या जागेत बेअरिंग, ब्रेक, गिअर सगळं कोंबून त्यावर मेट्रोचा वेग लादला, की सगळे भाग आपल्या मर्यादेजवळ काम करतात. उंच फलाट बांधायला पूर्ण मोकळीक असलेल्या मार्गावर हे ओझं का घ्यावं, हे मला आजही पटत नाही.

७० टक्के लो-फ्लोअर ही मधली वाट. टोकाच्या बोगी साध्या, ॲक्सलवाल्या, वर फरशी उंच. मधला भाग खाली, त्याखाली सुट्या चाकांची बोगी. पोर्टलंडमध्ये १९९७ पासून अशा गाड्या धावताहेत आणि अमेरिकेत त्या सर्रास आहेत. बॉस्टनने मात्र याच घडणीची गाडी आपल्या ग्रीन लाइनच्या जुन्या, अरुंद वळणांवर आणली, तेव्हा ती मधलीच बोगी वारंवार घसरू लागली आणि ऑर्डर कमी करावी लागली. नव्या, सौम्य वळणांच्या मार्गावर ही रचना चांगली आहे, फक्त आतल्या पायऱ्यांमुळे गर्दी मध्यभागी साचते हे धरून चाला.

आणि जुन्या गाड्या धडधाकट असतील तर? झ्युरिकने आपल्या ट्राम २००० मालिकेतल्या काही गाड्यांच्या मधोमध एक नवा लो-फ्लोअर भाग घातला. तिथले लोक त्या गाडीला झेन्फ्टं म्हणतात. शब्दाचा अर्थ पालखी. पुढून-मागून भोई आणि मध्ये खाली, अलगद बसलेला प्रवासी. नाव किती चपखल आहे! बासेलच्या उपनगरी कंपनीने हेच १९८० च्या दशकात केलं होतं. गाडीत एक दार जरी पायरीशिवायचं मिळालं, तरी चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला शहर उघडतं, आणि नव्या गाडीच्या तुलनेत खर्च फार कमी.

भारतासाठी विचार करणार असाल, तर दोन गोष्टी युरोपच्या माहितीपत्रकात सापडणार नाहीत. पहिली गर्दी. तिथे गाडीची क्षमता दर चौरस मीटरला चार उभे प्रवासी धरून लिहितात. आपल्या मेट्रोंचं गणित सहावर होतं आणि खच्चून भरलेल्या गाडीसाठी आठ धरतात. तीस मीटरच्या गाडीत उभं राहायला ४० चौरस मीटर जागा धरा. चारच्या हिशेबाने १६० माणसं, आठच्या हिशेबाने ३२०. माणशी ६५ किलो धरले तर वाढीव भार १०,४०० किलो. सहा ॲक्सलवर वाटला तर प्रत्येकी पावणेदोन टनांच्या आसपास. जी गाडी युरोपात भाराच्या मर्यादेत आरामात बसते, ती आपल्याकडे सकाळी साडेनऊला मर्यादा ओलांडते, आणि ब्रेक, स्प्रिंगा, सांगाडा सगळ्यांचं आयुष्य त्या हिशेबाने घटतं. निविदेत ‘आठ प्रवासी, रोज, तीस वर्षं’ असं स्पष्ट लिहून घ्यायला हवं.

याच गणिताने एकूण क्षमताही तपासा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये मेट्रोलाइटचे, म्हणजे ट्रामसारख्या हलक्या मेट्रोचे, निकष जाहीर केले, त्यात तासाला एका दिशेने १५,००० प्रवाशांपर्यंतचा मार्ग कल्पिला आहे. दर तीन मिनिटांनी गाडी, म्हणजे तासाला वीस, आणि एका गाडीत २५० माणसं, तर आकडा ५,००० होतो. पंधरा हजारांसाठी ५०० माणसांची गाडी दर दोन मिनिटांनी सोडावी लागेल. साठ मीटरच्या आसपासची गाडी दर दोन मिनिटांनी, दोन्ही दिशांनी, चौकातल्या सिग्नलमधून जाणार असेल तर आडव्या रस्त्याचं काय होईल, हे कागदावर काढून बघा. पाच-सात हजारांपर्यंत रस्त्यावरची लाइट रेल फार चांगलं काम करते. त्यापुढे तिच्याकडून मेट्रोचं काम मागितलं, की ओटावाच्या दिशेने पाऊल पडतं.

दुसरी गोष्ट पाणी. मुंबईत रुळांवर पाणी चढलं की लोकल थांबते, कारण मोटरी खाली असतात. लो-फ्लोअर ट्रामच्या मोटरी आणि गिअर रस्त्याच्या आणखी जवळ असतात. चाकाची बेअरिंगं किती पाण्यात टिकतील, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. फरशीखाली जागा नसल्याने बाकीची विजेची यंत्रं छतावर जातात. पाण्यापासून ती वाचतात, पण मे महिन्यातलं नागपूरचं ऊन त्यांच्या डोक्यावर येतं. उन्हाचा अनुभव दुबईला आहे. तिथली ट्राम नोव्हेंबर २०१४ पासून ओव्हरहेड वायरशिवाय, दोन रुळांमध्ये जमिनीत बसवलेल्या पट्टीतून वीज घेऊन धावते, आणि थांबेसुद्धा काचबंद, वातानुकूलित आहेत. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ती रोज पाहिली असेल. पण जमिनीतल्या पट्टीची ही पद्धत तुंबणाऱ्या रस्त्यावर आणू नये असं माझं ठाम मत आहे. वारसा इमारतींसमोर वायर नकोच असेल, तर नीसने २००७ मध्ये केलं तसं तेवढ्या तुकड्यापुरती बॅटरी वापरावी. बाकी ठिकाणी ओव्हरहेड वायर स्वस्त आहे आणि दुरुस्तीला सोपी आहे.

लांबीबद्दल थोडक्यात. गाडी पुढे वाढवता येईल अशी घ्या आणि फलाट व डेपो पहिल्याच दिवशी मोठ्या मापाचे बांधा. डब्लिनच्या लुआस या ट्रामसेवेने रेड लाइनच्या ३० मीटरच्या गाड्यांत भाग घालून त्या ४० मीटर केल्या, ग्रीन लाइनवर आता ५५ मीटरच्या गाड्या आहेत. हे जमलं, कारण गाडीची रचनाच तशी होती. दोन्ही टोकांना चालकाची जागा असावी का? जागा कमी असलेल्या भारतीय शहरात हो. एकाच दिशेची गाडी स्वस्त असते आणि तिच्यात आसनं जास्त बसतात, पण शेवटच्या थांब्यावर तिला वळायला रुळांचं अख्खं वर्तुळ लागतं. कोलकात्याच्या ट्राम टर्मिनसना जेवढी जागा मिळाली होती, तेवढी आता कुठे मिळणार?

नव्या मार्गासाठी माझी शिफारस अशी राहील: किमान त्रिज्या २५ ते ३० मीटर ठेवता येत असेल, वळणात हळूहळू शिरणारे रूळ टाकता येत असतील, वेग ताशी ६०-७० किलोमीटरच्या आत असेल, तर बाजारात वर्षानुवर्षं चाललेली, पाच किंवा सात भागांची १०० टक्के लो-फ्लोअर गाडी निःशंक घ्या. फ्रान्समधली कितीतरी नवी जाळी अशाच गाड्यांसाठी मुद्दाम सौम्य वळणांची बांधली आहेत आणि ती उत्तम चालतात. १४टी ज्या रचनेमुळे प्रागमध्ये अडचणीत आली, तीच रचना तिथे सुखाने नांदते. फक्त आपल्यासाठी खास वेगळी गाडी मागू नका. वीस-पंचवीस नगांच्या मालिकेचे सुटे भाग पंधरा वर्षांनी कुणी बनवत नाही, मग दोन गाड्या चालवायला तिसरी मोडावी लागते.

आणि प्रागला जाणं झालं, तर २२ क्रमांकाच्या ट्रामने माला स्त्रानाहून किल्ल्याकडे वर जा. चोत्कोवा रस्त्यावर चढ आणि वळसा एकत्र येतात. तिथे अर्धा तास वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहा. जुनी टी३ आणि नवी १५टी दोन्ही जाताना दिसतील. डब्याकडे बघू नका, खाली बोगीकडे बघा, आणि चाकं रुळाला कुठे घासताहेत ते कानांनी ऐका.